रोजच्या पूजेतला ‘दीप’ नेमका कोणता?

गिरगावकर
आमच्या चाळीतल्या गणपतीच्या लहानशा देवळातील नित्यपूजा गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. गाभाऱ्यात समई पहाटेपासून तेवत असते, शेवटी आरतीही होते. मग धूप दाखवल्यावर पुन्हा निरांजन ओवाळायचे ते कशासाठी? समईकडेच हात करून ‘दीपं समर्पयामि’ म्हटले तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावे, कारण मी रोज तेथेच अडखळतो.

दादरचा भिक्षुक
नमस्कार. समईकडे हात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूजेच्या आरंभी शंख आणि घंटेबरोबर आपण समईलाही गंधाक्षता वाहतो. ‘भो दीप’ या श्लोकात तिला कर्मसाक्षी म्हणून, कर्म संपेपर्यंत स्थिर राहा, अशी प्रार्थना करतो. जिला साक्षी म्हणून बसवले, तिलाच पुढे अर्पण कसे करणार? धूप आणि नैवेद्य यांच्या मधला दीप हा सोळा उपचारांपैकी एक आहे, आणि पाचच उपचारांच्या पूजेतही तो सुटत नाही. ‘आज्यं च वर्तिसंयुक्तं वह्निना योजितं मया’ यातला ‘मया’ मला फार मोलाचा वाटतो: तूप, वात आणि अग्नी मी माझ्या हाताने एकत्र आणले, ते देवा, तू घे. म्हणून तुपात भिजवलेली फुलवात निरांजनात त्याच वेळी लावावी.

आरती याहून वेगळी. तिची एक रूढ पद्धत अशी, की चरणांशी चार वेळा, नाभीशी दोन वेळा, मुखाशी एकदा आणि सर्वांगावरून सात वेळा, असे चौदा वेळा ओवाळावे. मात्र देवळाची जुनी रीत वेगळी असेल तर तीच पाळावी.

वाळकेश्वरच्या काकू
भिक्षुकांचे म्हणणे पटले. व्यवहारातले थोडे सांगते. पावसाळ्यात फुलवाती सर्दावतात आणि ऐन वेळी पेटत नाहीत, म्हणून त्या आदल्या रात्रीच तुपात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. समईत तेल असेल तर त्यात तूप घालू नये, आणि दिवा फुंकून विझवू नये.

गिरगावकर
आपणा दोघांचे मनापासून आभार. गाभाऱ्यात विजेचा नंदादीप बसवावा, असे काही रहिवासी म्हणत आहेत. तोच उपचाराला धरता येईल का?

दादरचा भिक्षुक
उजेडासाठी तो अवश्य असावा. पण त्यात तूप नाही आणि वातही नाही, तेव्हा तो श्लोक त्याच्यासमोर म्हणता येणार नाही. निरांजन असू द्यावे.