मदत हवी आहे: शत्रूच्या क्लबात गेला, तरी जुन्या चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या असा कोणी फुटबॉलपटू?

मित्राशी पैज लागलीय. कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे थेट जाऊनही जुन्या मैदानावर शिव्या न खाल्लेला एक खेळाडू दाखवायचाय.

फिगो (२०००, बार्सिलोना ते रेआल माद्रिद) बादच. २००२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर, कॅम्प नोऊवर, तो कॉर्नर किक घ्यायला गेला तर डुकराचं मुंडकं येऊन पडलं! सोल कॅम्पबेलचं (२००१, टॉटनहॅम ते आर्सेनल) तर नावच नको. तो फुकटात गेला, टॉटनहॅमला दमडीही मिळाली नाही, ते जास्त झोंबलं. मायकल ओवेन, पॉल इन्स चालणार नाहीत, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या मध्ये त्यांचे दुसरे क्लब येतात. १९६४ चा फिल चिस्नॉल थेट गेला, पण ‘तेव्हा वैर एवढं कुठे होतं’ म्हणून मित्र अडून बसलाय.

लोनवाले (तात्पुरते उसने दिलेले) आणि युवा संघातले नकोत. १९९० नंतरचं, दोन्हीकडच्यांना मान्य होईल असं एक तरी नाव सुचतंय का?