घरातल्या 'केअरगिव्हर'ला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी: आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) यांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करतेय. विषय असा की, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी गेल्यावर त्याचं सगळं करणाऱ्या घरच्या माणसाचीही चौकशी कशी करायची. झोप होते का, उचलताना कंबर धरते का, घराबाहेर शेवटचं कधी पडलात, वगैरे. बाकी मजकूर सोपा, अडलंय एकाच शब्दावर. 'केअरगिव्हर'ला मी 'काळजीवाहू व्यक्ती' लिहिलं होतं. सरावाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "काळजीवाहू सरकारसारखं? निवडणूक झाली की जाणार?" सगळ्या हसल्या, मीपण. आता तो शब्द लिहवत नाही.

दीर्घ_उकार: 'शुश्रूषक' लिहा. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्यावरून शुश्रूषा, म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याचं ऐकतो तो शुश्रूषक. आणि कृपया 'सुश्रुषा' नको, डोळ्यांना त्रास होतो.

तिरकस: दोन श, एक ष, मधला उकार दीर्घ. पुस्तिका आशाताईंसाठी आहे की शुद्धलेखनाच्या परीक्षेसाठी?

गव्हाळ: आमच्या साताऱ्याकडे याला नाम नाहीच, क्रियापद आहे. "सासूचं तीच करते." "सासऱ्यांचं आजारपण तिनं काढलं." काय करते हे कुणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं. आईनं आजीचं अकरा वर्षं केलं. दवाखान्यात तिला नाव नव्हतं, "पेशंटचे नातेवाईक कोण?" एवढीच हाक. दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगायचे. रात्री दोनला आणि चारला कोण उठणार, हे अकरा वर्षांत एकानंही विचारलं नाही.

पेजपाणी: सिंधुदुर्गात 'चाकरी'. "म्हातारीची चाकरी केली" म्हटलं की सगळं आलं.

दीर्घ_उकार: चाकर फारसी आहे. शिवाय नोकर असा अर्थ होतो.

पेजपाणी: फारसी असली तरी म्हातारीला पेज भरवता येते.

लेस्टरकर: इथे इंग्लंडमध्ये मी याच कामात आहे. 2014 च्या केअर ॲक्टमध्ये 'केअरर' म्हणजे घरचा किंवा ओळखीतला माणूस. करारानं किंवा स्वयंसेवक म्हणून करणारे साधारणपणे त्यात येत नाहीत. त्याला स्वतःला काय मदत हवी, याची वेगळी पाहणी कौन्सिलनं करायची असते. पण बोलताना पगारी बाईलाही लोक केअररच म्हणतात. त्यामुळे मुलगा म्हणतो, "मी केअरर नाही, मी तिचा मुलगा." म्हणून नव्या लोकांना मी आधी हेच शिकवतो की "तुम्ही केअरर आहात का?" विचारू नका, "आईसाठी दिवसभरात काय काय करता?" असं विचारा. आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मात्र पैसे घेऊन करणारा आणि न घेता करणारा दोघेही एकाच व्याख्येत आहेत. तेव्हा नुसता शब्द पुरणार नाही, मागे 'घरचा' लावावंच लागेल.

तिरकस: बिनपगारी, फुल अधिकारी. इथे तर अधिकारही नाही.

रात्रपाळी: लेस्टरकर, हे पटलं. "केअरगिव्हर कोण?" म्हटलं की घर गप्प. "आजींचं कोण करतं?" म्हटलं की स्वयंपाकघरातून सून बाहेर येते. पण पुढची अडचण ऐका. करणाऱ्यावर किती ताण येतो हे मोजणारी झॅरिटची 22 प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिच्या नावातच 'बर्डन' आहे. मी 'ओझं' केलं. सासूबाई समोर पलंगावर, आणि ताई विचारतायत, "ओझं वाटतं का?" कुठली सून हो म्हणेल? "ओझं कसलं, आपलंच माणूस." मग ताईंना दारापर्यंत सोडायला आली आणि तिथे उभ्या उभ्या अर्धा तास बोलली.

दीर्घ_उकार: 'भार' म्हणा. सौम्य आहे.

गव्हाळ: शब्द नका बदलू, खोली बदला. पुस्तिकेत तेच लिहा की हा प्रश्न दारात विचारायचा.

पेजपाणी: मला वाटतं 'काळजी' हा शब्दच काळजातून आलाय. म्हणून घेतली तरी काळजी आणि केली तरी काळजी.

दीर्घ_उकार: पुरावा?

तिरकस: मटणवाल्याकडे. काळीज मागा, यकृत देतो. म्हणजे काळजी पित्ताची.

पेजपाणी: "काळीज तुटतं" म्हणताना कोण यकृत धरतं?

रात्रपाळी: मंडळी, शुक्रवारी छपाई आहे! सध्या 'घरी करणारी' लिहिलंय.

गव्हाळ: आमच्या शेजारचे काका सात वर्षं काकूंचं करतायत, वेणीसुद्धा घालतात. ते कुठे बसणार?

रात्रपाळी: बरं, 'घरी करणारं माणूस'.

दीर्घ_उकार: माणूस पुल्लिंगी. करणारा माणूस.

गव्हाळ: "घरात करणारं माणूस नाही" असंच म्हणतात. वर सुनेनं "आपलंच माणूस" म्हटलं, ते खटकलं नाही वाटतं?

दीर्घ_उकार: ते बोलण्यात. आपण लिहितोय.

तिरकस: काळजाचं काय ठरलं मग?