एन-४ झालंय. भाषा शिकायला जपानला जाऊ का?

हळदीची_पेठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय २२, बी.कॉम. झालंय. दीड वर्ष पुण्यात राहून जपानी शिकतेय, जुलैत एन-४ पास झाले (जपानी भाषेच्या परीक्षेची पातळी; एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड). आता ओसाकातल्या एका लँग्वेज स्कूलमध्ये दीड वर्षाचा कोर्स करायचा विचार आहे. एजंट म्हणतो, पहिल्या वर्षाची फी, सहा महिन्यांचं होस्टेल, तिकीट आणि त्यांचे पैसे मिळून नऊ लाख भरा, पुढचं सगळं तिथे पार्टटाइम करून निघतं. 'महिन्याला लाखभर रुपये कुठे गेले नाहीत', हे त्याचे शब्द. पप्पा सोसायटीचं कर्ज काढायला तयार आहेत. यंदा हळदीला भाव बरा मिळाला म्हणून ते खुशीत आहेत, त्यामुळे उलट मलाच भीती वाटतेय.

मला खरंच भाषा शिकायचीय आणि तिथली माणसं कशी जगतात ते बघायचंय. आनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टूनमुळे, नाही. (बरं, थोडं आनिमेमुळेही.) हिशोब बरोबर आहे का? काम करून अभ्यास होतो का? आणि क्लासमध्ये सगळे म्हणतात, तिकडे गेलं की भाषा आपोआप येते. येते का?

निवांत_नाना

१९९१ साली कंपनीने आम्हा चौघांना सहा महिने नागोयाला पाठवलं होतं. चौघंही पुण्याचे, एकाच खोलीत. सहा महिने आम्ही मराठीत भांडलो आणि परत आलो. माझी जपानी 'सुमिमासेन'च्या, म्हणजे 'माफ करा'च्या, पुढे गेली नाही. तेव्हा ते 'आपोआप' सोडून दे बाळ. बाकी अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावं.

उमेबोशी_ताई

नाना, अगदी हेच सांगायला आले होते.

अगं, मी इचलकरंजीची, म्हणजे तुझ्या शेजारचीच. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२५ ओसाकात होते आणि जाताना हातात एन-४च होतं. त्यामुळे लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आधी पैशाचं उरकू. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तास काम करता येतं, तेही वेगळी परवानगी काढून. (ती विमानतळावर उतरल्याउतरल्या मिळते, फॉर्म आधीच भरून ठेव.) दोन ठिकाणी केलंस तरी मिळून २८च. शाळेला मोठी सुट्टी असली की दिवसाला आठ तास. मी गेले त्या महिन्यात ओसाकातली किमान मजुरी तासाला १,०६४ येन झाली होती, पुढच्या ऑक्टोबरात १,११४. आता गुणाकार कर: २८ तास, चार आठवडे, १,०६४. एक लाख एकोणीस हजार. येन, रुपये नव्हे! तेव्हा येन ५५ पैशांच्या आसपास होता, म्हणजे झाले पासष्ट हजार रुपये. त्या माणसाचे 'लाखभर' कायद्यात राहून होतच नाहीत. जे जास्त तास करतात ते व्हिसा वाढवायच्या वेळी सापडतात, कारण कराच्या दाखल्यात कमाई दिसते. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच अर्ध्यातून परत गेला.

माझी खोली ३८ हजार येनची. गादी पसरली की दार उघडायला गादी दुमडायची. जेवण, ट्रेन, फोन, आरोग्य विमा धरून महिन्याला ८५-९० हजार जायचे. उरलेल्या तिसेक हजारांत वर्षाची जेमतेम निम्मी फी निघते, कारण लँग्वेज स्कूलची फी वर्षाला सात-आठ लाख येन असते. आणि पहिले दोन-तीन महिने कामच मिळत नाही, ते महिने घरच्या पैशावर. म्हणजे घरून पूर्ण पैसे येणार असतील तर हिशोब जमतो. कर्ज फेडायचा हिशोब मात्र बाइतोवर (पार्टटाइमला तिथे बाइतोच म्हणतात) मांडू नकोस.

आता खरं दुखणं. एन-४वर काम कुठलं मिळतं? मला मिळालं डबे भरायच्या कारखान्यात, रात्रपाळीचं. रात्री दहानंतर मजुरी पंचवीस टक्के जास्त, म्हणून सगळे तिकडेच पळतात. पट्ट्यावरून भाताचे डबे सरकत यायचे आणि मी प्रत्येक भाताच्या बरोब्बर मधोमध एक उमेबोशी ठेवायची. एक लाल, सुरकुतलेलं, खारट आंबट फळ. पाच तास. नखातून तो वास जायचा नाही. शेजारी एक नेपाळी मुलगी, पलीकडे दोन व्हिएतनामी, सुपरवायझर तेवढा जपानी आणि त्याचं बोलणं 'हायाकु, हायाकु', म्हणजे लवकर, लवकर. मोडकी का होईना, जपानीत बोलायला तिथे माणूसच नव्हता. सकाळी नऊला शाळा, पहिल्या तासाला मी बसल्याबसल्या झोपायची. चार महिन्यांत माझी जपानी होती त्याहून खाली गेली. नेपाळीत मात्र जेवलीस का, दमलीस का, सगळं विचारता यायला लागलं.

मग ते सोडलं आणि एका सुपरमार्केटच्या तयार भाज्या-तळणाच्या विभागात लागले. तिथे सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी मला जी भाषा शिकवली ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. दुसऱ्याच दिवशी तळणाचा चिमटा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, 'कोरे, नाओशितोइते.' नाओसु म्हणजे दुरुस्त करणे, हे मला पाठ. मी चिमटा उलटासुलटा बघितला, स्प्रिंग दाबून बघितली, दोन्ही टोकं जुळतायत का बघितलं. मग जाऊन अदबीने सांगितलं, हा मोडलेला नाही. बाई इतक्या हसल्या की डोक्यावरची जाळीची टोपी कानावर आली. ओसाकात नाओसु म्हणजे जागच्या जागी ठेवणे! आता तू कुणा परक्याला आपलं 'लाव' समजावून बघ. दार लाव, कुकर लाव, गाडी लाव, औषध लाव.

पण त्या 'तोइते'ने माझं कुलूप उघडलं. ते मूळचं 'ते ओइते'. आमच्या पुस्तकात त्यावर इंग्रजीत अर्धं पान होतं, पुढच्या सोयीसाठी आधी केलेली क्रिया वगैरे. अगं, 'करून ठेव'! कणीक भिजवून ठेव, दिवा पुसून ठेव. 'ते मिरु' म्हणजे करून बघ. 'ते शिमाउ' म्हणजे करून टाक, आणि नको ते झालं असेल तर होऊन बसलं. प्रश्नाच्या शेवटी ते 'का' लावतात, आपणही 'का' लावतो. ते 'ने' म्हणतात तिथे आपलं 'ना'. क्रियापद शेवटी, 'मध्ये', 'पासून', 'पर्यंत' शब्दाच्या मागे. आम्ही दोन वर्षं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जपानीत असा द्राविडी प्राणायाम करत होतो. वर्गातल्या चिनी मुली कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) वर्तमानपत्रासारख्या वाचायच्या, तिथे मी कायम मागे. पण वाक्य जुळवताना त्या अडखळायच्या आणि मी आणि नेपाळी पोरं सुटायचो.

सगळ्यात गोड म्हणजे घरातून निघताना जपानी माणूस 'जाते' म्हणत नाही. 'इत्तेकिमासु' म्हणतो, शब्दशः जाऊन येते. माझी आजी उंबऱ्यात 'जाते' म्हटलं की ओरडायची, 'येते म्हण!' पहिल्यांदा अर्थ लागला त्या दिवशी होस्टेलच्या जिन्यात उगाच रडू आलं. (रात्रपाळीचा थकवाही असेल.)

संस्कृतीचं म्हणशील तर शाळेने एक दिवस किमोनो नेसवला, चहाचा विधी दाखवला, फोटो काढले, संपलं. मला जे मिळालं ते कोयासानला. नांबाहून नानकाईची ट्रेन थेट गोकुराकुबाशीपर्यंत, मग केबल कार. कुकाई नावाच्या भिक्षूने ८१६ मध्ये वसवलेला शिंगोन या बौद्ध पंथाचा डोंगर. नोव्हेंबरात गेले होते, बोटं गारठलेली. ओकुनोइनच्या स्मशानात उंच देवदारांखाली दोन लाखांच्या वर समाध्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकींवर एकावर एक रचलेले पाच दगड. त्यांवर कोरलेली अक्षरं जपानी वाटेनात. शेवाळ जरा बोटाने चाचपून बघितलं. सिद्धम् लिपी, आपल्याकडची जुनी, संस्कृत लिहायची. वरून खाली ख, ह, र, व, अ: आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. ती अक्षरं शिकलेल्या भिक्षूंच्या अभ्यासातून जपानी वर्णमालेचा क्रम आला. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपला क, च, त, न, प, म, य, र, व लावून बघ. 'सा' आपल्या 'च'च्या जागी आणि 'हा' आपल्या 'प'च्या जागी, कारण फार पूर्वी त्याचा उच्चार 'पा' होता. म्हणूनच तर 'हा'ला वर दोन छोट्या रेघा दिल्या की 'बा' होतो आणि गोल दिला की 'पा'. हे मला कुणी क्लासच्या पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! आणि हो, तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ पासून. त्या थंडीत ओळखीचा चेहरा दिसला तेव्हा मी मोठ्याने 'जय भीम' म्हटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

तर भाषा येते, पण बोलणारं माणूस समोर असलं तर. आणि ते माणूस समोर येईल असं काम एन-३च्या खाली मिळणं फार कठीण. माझं म्हणणं एवढंच: एन-३ पुण्यातच कर, मग जा. मी माझ्या दीड वर्षातले चार महिने उमेबोशीवर घातले.

शाईची_दौत

उमेबोशी_ताईंच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, फक्त एक रस्ता राहिला. जपान सरकारची निक्केनसेइ म्हणून शिष्यवृत्ती आहे, जपानी भाषा आणि संस्कृती याच विषयासाठी. साधारण एक वर्ष तिथल्या विद्यापीठात, फी माफ, जाण्यायेण्याचं तिकीट आणि महिन्याला १ लाख १७ हजार येन. मी त्यावर कानाझावाला होते. मला भाषेपेक्षा केनरोकुएन बाग जास्त आठवते. १ नोव्हेंबरपासून तिथले माळी बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडांना वरून छत्रीसारखे दोर बांधतात. मी निबंधच त्यावर लिहिला, माळीबुवांच्या मागे वही घेऊन फिरले.

पण अट अशी की जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवीला शिकत असायला हवं आणि परत येऊन ती पदवी पूर्ण करायची. बी.कॉम.वर मिळत नाही. पुन्हा तीन वर्षं घालायची तयारी असेल तरच याचा विचार कर.

हळदीची_पेठ

सगळ्यांचे खूप आभार. ताई, 'येन, रुपये नव्हे' हे पप्पांना दोनदा वाचून दाखवलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, 'एजंटाला फोन लाव, विचार.' लावला. तो म्हणाला, 'मॅडम, मी येनच म्हणालो होतो.' तो येन म्हणालाच नव्हता.

पुन्हा तीन वर्षं नाही जमणार. एन-३ला बसते. मग कधी जाता येईल? आणि एजंटशिवाय जमतं का?

उमेबोशी_ताई

जमतं. बऱ्याच शाळा थेट अर्ज घेतात. मेल कर, उत्तर कसं येतं त्यावरूनही शाळा कळते. वर्गात कुठल्या देशांची किती मुलं आहेत आणि मागच्या वर्षी किती जण एन-२ झाले, हे दोन प्रश्न नक्की विचार. इमिग्रेशनकडे पात्रतेचं प्रमाणपत्र शाळाच मागते, त्यासाठी पप्पांची बँकेची आणि उत्पन्नाची कागदपत्रं लागतील, ती आत्तापासून गोळा करून ठेव (बघ, ओइते!). एप्रिलच्या बॅचचे अर्ज साधारण आदल्या नोव्हेंबरपर्यंत बंद होतात. म्हणजे पुढच्या जुलैत एन-३, ऑगस्टअखेर निकाल, मग अर्ज आणि त्यापुढच्या एप्रिलला जा. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मिळेल, मला नव्हती मिळाली पहिल्या दिवशी.

पोहोचल्यावर चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदव आणि त्याच फेरीत पेन्शनच्या हप्त्यातून सवलत माग. वीस वर्षांवरच्या सगळ्यांना तो लागू असतो, कुणी आपणहून सांगत नाही, मग घरी लिफाफे यायला लागतात.

आणि पप्पांना सांग, तिथे हळदीला 'उकोन' म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानात हळदीचं पेय छोट्या बाटलीत मिळतं, दारू चढू नये म्हणून ऑफिसातली माणसं पार्टीच्या आधी पितात. शंभर मिलीला दोनशे येनच्या वर.

हळदीची_पेठ

सांगितलं. पप्पा विचारतायत, त्यात हळद किती असते. आणि दोनशे येन का रुपये.