'विल हॅव' कुठे, आणि 'बाय' की 'टिल'?

इंग्रजीतल्या पूर्ण भविष्यकाळाबद्दल, म्हणजे 'विल हॅव'च्या रचनेबद्दल, एक प्रश्न आलाय: 'बाय द टाइम आय विल रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट' हे वाक्य बरोबर आहे का? दुसरा भाग बरोबर, पहिला चूक. 'बाय द टाइम', 'व्हेन', 'बिफोर' यांनी सुरू होणाऱ्या अशा कालदर्शक उपवाक्यात अर्थ भविष्याचा असला तरी साधा वर्तमानकाळच येतो: 'बाय द टाइम आय रीच'. 'विल' फक्त मुख्य वाक्यात.

रचना सोपी: 'विल हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता 'शी' असला तरी 'हॅज' होत नाही, कारण 'विल'नंतर मूळ रूपच लागतं. 'विल हॅव वेंट' नको, 'गॉन' हवं.

खरी अडचण 'पर्यंत'ची. 'सोमवारपर्यंत काम संपलेलं असेल' इथे 'बाय मंडे'. 'सोमवारपर्यंत पुण्यातच असेन' इथे 'टिल मंडे'. मराठीत दोन्हीकडे एकच प्रत्यय, म्हणून मुलं 'टिल मंडे आय विल हॅव फिनिश्ड' लिहून मोकळी होतात. मुदतीच्या आत कधीही पूर्ण होणारी गोष्ट असेल, तर 'बाय'.

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7.15ला सुटते. म्हणून 'ॲट 7.15 इट विल लीव्ह', पण 'बाय 7.30 इट विल हॅव लेफ्ट'.

आणि हो, ही रचना नेहमी भविष्याचीच नसते. 'गाडी एव्हाना लोणावळ्याला पोचली असेल' हा अंदाज इंग्रजीतही तसाच होतो: 'इट विल हॅव रीच्ड लोणावळा बाय नाऊ'. उताऱ्यात असं वाक्य आलं, की मुलं हटकून पुढची घटना समजतात.