मदत हवी आहे: स्प्रिंग बॅचमध्ये टेबल रिकामं करणारी स्टेप आणि रीस्टार्ट

मंडळी, चिकोडी-निपाणी भागातल्या ऊस वजनकाट्यांच्या सीएसव्ही फायली रोज रात्री मायएसक्यूएलमध्ये चढतात. हे काम स्प्रिंग बॅच (मोठा डेटा टप्प्याटप्प्याने हाताळणारी जावा चौकट) करते. जॉबमध्ये दोन स्टेप: पहिली टास्कलेट (एकच काम करणारा कोड), तात्पुरतं टेबल रिकामं करते, दुसरी ५०० च्या चंकने, म्हणजे गठ्ठ्याने, पावत्या भरते.

पहिलीत ट्रंकेट (अख्खं टेबल एका फटक्यात रिकामं करणारी कमांड) मुद्दाम टाळलंय. मायएसक्यूएलमध्ये ते लगेच कमिट, म्हणजे कायम, होतं; रोलबॅकला (बदल मागे घ्यायला) वावच नाही. त्याऐवजी डिलीट, लिमिट ५०००, म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त तेवढ्या ओळी. ओळी उडाल्या तर टास्कलेट ‘कंटिन्यूएबल’ (पुन्हा चालव) परत देते, शून्यावर ‘फिनिश्ड’ (संपलं). प्रत्येक फेरीचं ट्रान्झॅक्शन वेगळं, त्यामुळे लॉक अडकून बसत नाहीत. इथवर सगळं ठीक.

वजनाच्या रकान्यात ‘१८.४२ टन’ असं अक्षरांसकट आलं की दुसरी स्टेप पडते. फाइल दुरुस्त करून त्याच पॅरामीटरने जॉब लावला, तर पहिली स्टेप ‘कंप्लीटेड’ म्हणून वगळली जाते. तिला ‘अलाउ स्टार्ट इफ कंप्लीट’ (पूर्ण झाली असली तरी पुन्हा चालव) ट्रू दिलं की टेबल रिकामं होतं खरं, पण दुसऱ्या स्टेपचा रीडर (फाइल वाचणारा भाग) जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाचतो. आधीच्या पावत्या गायब आणि जॉब मात्र यशस्वी! शेतकऱ्याच्या बिलात हे कसं चालेल?

दर वेळी पॅरामीटरमध्ये नवा रन-आयडी देऊन जॉब नव्याने सुरू करायचा नाही. मग तीच फाइल दोनदा चढायला कुणी अडवत नाही. म्हणून रीडरचं ‘सेव्ह स्टेट’ (कुठवर वाचलं ते जपणं) फॉल्स करायचा विचार आहे. रीडर मल्टी-रिसोर्स (अनेक फायली एकामागून एक वाचणारा) आहे, तर ते त्याच्यावर आणि आतल्या फ्लॅट-फाइल रीडरवर, दोन्हीकडे लावायचं ना? की टेबल रिकामं करणं दुसऱ्या स्टेपच्या लिसनरमध्ये, ‘बिफोर स्टेप’ला (स्टेप सुरू होण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) टाकणं बरं?