अरेनाडोसाठी रेड सॉक्सने ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करावा का? (बेसबॉल फोरमवरची चर्चा, 2024-25 चा हिवाळा)

फेनवेकर
सेंट लुईसचा तिसरा बेसमन नोलान अरेनाडोने डिसेंबर 2024 मध्ये ह्यूस्टनच्या टीमकडे जायला नकार दिला, आता बॉस्टनचं (रेड सॉक्सचं) नाव पुढे येतंय. 2022 मध्ये 30 होम रन (बहुधा थेट कुंपणापार जाणारे फटके) आणि .533 स्लगिंग (बॅटिंगच्या प्रत्येक संधीमागे मिळालेल्या बेसची सरासरी), 2024 मध्ये 16 आणि .394. वय 33. 2025 ते 2027 चे 7.4 कोटी डॉलर द्यायचे आहेत, त्यातला 1 कोटी त्याची आधीची टीम कोलोरॅडो भरणार. उजव्या हाताचा बॅटर, चेंडू डावीकडे खेचून उंच मारतो. बॉस्टनच्या फेनवे मैदानावर डावी रेषा 310 फुटांवर संपते, सेंट लुईसला 336. मला तरी हा ट्रेड पटतो. तुमचं काय म्हणणं?

बुलपेन
310 फूट फक्त फाउल पोलपाशी, म्हणजे रेषेच्या टोकाच्या खांबापाशी. लेफ्ट-सेंटरला (डावीकडून मध्याकडे) तेच अंतर 379 होतं, शिवाय भिंत 37 फूट उंच. सेंट लुईसला झेलबाद होणारे उंच फटके इथे भिंतीला लागून डबल (दोन बेसचे फटके) होतील हे खरं, पण दुसरीकडे होम रन झाला असता असा सपाट जोरकस फटका भिंतीवर आपटून परत येतो आणि कधी कधी सिंगलवरच (एका बेसवरच) भागवावं लागतं. त्यामुळे वाढ धरायचीच तर डबलमध्ये धरा, होम रनमध्ये नको.

खरी अडचण बॅटच्या वेगाची. लीगची सरासरी ताशी साधारण 72 मैल, हा त्याच्या खाली. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) मात्र जेमतेम 14-15 टक्के, लीगमध्ये 22-23. म्हणजे नजर शाबूत आहे, चेंडू बॅटला लागतो, पण जोर नाही. बॅट मंदावली की चेंडू खेचण्यासाठी स्विंग लवकर सुरू करावा लागतो. मग स्लायडरवर (वळणाऱ्या चेंडूवर) फसगत होते आणि आत येणाऱ्या उंच फास्टबॉलचे पॉप-अप (सोपे उंच झेल) उडतात. हे मैदान बदलून सुटत नाही.

तिसराबेस
फिल्डिंग विसरू नका. 2013 ते 2022 सलग दहा गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम फिल्डरचे पुरस्कार)! बॉस्टनच्या इनफिल्डला नेमकी हीच गरज आहे. पण बॉस्टनचा तिसरा बेस सांभाळणाऱ्या डेव्हर्सचं काय? 31.35 कोटींचा करार असलेल्या खेळाडूला तिसऱ्या बेसवरून हलवायचं तर आधी त्याच्याशी बोलायला हवं. तो डीएच (फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) झाला की सध्याचा डीएच योशिदाची जागा जाते. योशिदाचा करार 2027 पर्यंत, त्यात ऑक्टोबरमध्ये खांद्याची शस्त्रक्रिया, म्हणजे त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण. एक माणूस आणायला तिघांची जुळवाजुळव करावी लागेल.

हिशेबनीस
माझं मत: घ्या, पण किंमत पाडून. सेंट लुईसने किमान 2.5 कोटी रोख दिले तरच. दुसऱ्या टीमकडून आलेली रोकड लक्झरी टॅक्सच्या (पगारखर्च मर्यादेपार गेल्यास भरायच्या कराच्या) हिशेबातून वजा होते; 2025 ची मर्यादा 24.1 कोटी आहे आणि पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर 20 टक्के. अँथनी, कॅम्पबेल, मेयर या बॉस्टनच्या होतकरू तरुणांतला एकही द्यायचा नाही.

कॅनोचा ट्रेड आठवा. डिसेंबर 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स टीमने सिएटलकडून 36 वर्षांचा कॅनो घेतला, करारात पाच वर्षं आणि 12 कोटी शिल्लक. सिएटलने 2 कोटी दिले, पण बदल्यात केलेनिकसारखा प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) गेला. मे 2022 मध्ये मेट्सने कॅनोला मोकळं केलं, तेव्हाही करार संपलेला नव्हता. सोबत पिचर डियाझ आला म्हणून तो व्यवहार थोडाफार सावरला. अरेनाडोबरोबर असा कुणी येणार नाही.

शिवाय त्याच्याकडे पूर्ण नो-ट्रेड क्लॉज (कोणताही ट्रेड नाकारायचा हक्क) आहे, आणि ह्यूस्टनला 'नाही' म्हणून त्याने तो वापरूनही दाखवलाय. त्यामुळे आधी डेव्हर्सशी बोला, मग अरेनाडोचा होकार घ्या आणि पैशांवर घासाघीस सर्वात शेवटी.

फेनवेकर
2.5 कोटींची अट मान्य. डेव्हर्स तयार नसेल तर मात्र फोनच करू नये.