बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मॅकार्डल हा स्नायूंचा आजार आटोक्यात येतो?

खाडीपल्याड (दापोली): माझा भाचा हर्णै बंदरात बोटीवर असतो. जाळं ओढायला लागला की मिनिटाभरात दंडात गोळे येतात. जरा थांबून हळू सुरुवात केली की आठ-दहा मिनिटांनी त्याच कामाला दम पुरतो. एकदा लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली, तेव्हा घर घाबरलं. मुंबईत जनुकीय तपासणी झाली आणि मॅकार्डल निघाला, म्हणजे स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फोडणारं फॉस्फोरिलेज हे विकर (एन्झाइम)च नाही. ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ साली याचं वर्णन केलं. आता इथल्या एका डॉक्टरांनी बी-सिक्स आयुष्यभर घ्यायला सांगितलंय. माझ्या मते हा उपचार नव्हे, मनाची समजूत.

सुरंगी: नाही पटलं. शरीरातलं बहुतांश बी-सिक्स याच फॉस्फोरिलेजला चिकटून स्नायूंत असतं. विकर नाही म्हणजे साठाही नाही. मग बाहेरून द्यायला नको? काही रुग्णांना थकवा कमी झाल्याचं छापूनही आलंय. गोळी स्वस्त आहे, एवढा राग कशाला?

खाडीपल्याड: साठा ठेवणारंच नाही, तर तुम्ही भरणार कुठे? छापून आलेल्या बऱ्याचशा एकेका रुग्णाच्या हकिकती आहेत. आणि मोठ्या डोसात महिनोन्महिने घेतलं की हातापायांच्या नसा बिघडतात, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बोटीच्या फळीवर पाय बधिर असलेला माणूस चालेल? त्यापेक्षा साखरेला चाचणीचा आधार आहे. श्रमाच्या पाच मिनिटं आधी सुमारे ३७ ग्रॅम साखरेचं पाणी घेतलं की सुरुवातीचा त्रास कमी होतो. दिवसभर पीत राहिलात तर वजन वाढेल, ते वेगळं.

वेंगुर्लेकर: तुमचां बरोबर आसा, पण तपासणीक मुंबयक जावचो खर्च कोण देतलो? गरीब माणूस गोळीच खातलो.

फिजिओ_रत्नागिरी: जीवनसत्त्वांना सरसकट झोडपू नका हो. एमएडीडी नावाचा दुसरा आनुवंशिक आजार आहे, चरबी जाळण्यात अडथळा येणारा. त्यातल्या ईटीएफडीएच या जनुकात बिघाड असलेल्या बऱ्याच रुग्णांना रायबोफ्लेविन, म्हणजे बी-टू, रोज १०० ते ४०० मिलिग्रॅम दिलं की चालता न येणारा माणूस काही आठवड्यांत-महिन्यांत उठून चालू शकतो. तिथे विकर बनतं, फक्त डळमळीत असतं. बी-टू त्याला धरून ठेवतं. अशांना कडक संकष्टी मात्र करू देऊ नका, उपाशीपोटी आजाराचा झटका येतो. म्हणून वेंगुर्लेकर, मुंबई महाग खरी, पण कुठलं विकर गेलंय हे कळल्याशिवाय गोळी निवडणार कशी?

सुरंगी: मग भाच्याला तीन महिने कमी डोस देऊन बघा. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं विकर, उतरतं का ते कळेल.

खाडीपल्याड: मॅकार्डलमध्ये सीके एरवीही चढलेलंच असतं, श्रमानुसार वरखाली होतं. आणि तुमचे तीन महिने मेअखेर सुरू केले तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. जाळं हातात नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटणारच, आणि श्रेय गोळी घेऊन जाईल.

सुरंगी: मग ऑगस्टात सुरू करा. पण बघा तरी!